बुटका खेळतोय तोवर

अमेरिकेत एक बुटका माणूस बास्केटबॉल खेळायचा. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण मला ते कधी धड उच्चारता आलं नाही. माझा मुलगाही त्याला बुटकाच म्हणायचा. नाशिकरोडच्या बाजारात तो पिशवी घेऊन चालला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण तिथल्या मैदानावर बाकीचे सगळे विजेच्या खांबासारखे. याचं डोकं त्यांच्या छातीला लागायचं. तरी वर्षानुवर्षं तो तिथे खेळला, आणि पोटासाठी खेळला. एका संघानं सोडला की दुसरा घ्यायचा. मी चौथी शिकलेली बाई. मला या वयात अमेरिकेतल्या खेळाचं काही कळायची गरज नव्हती. मुलामुळे कळलं.

मुलगा बुटका होता. माझ्यावर गेला होता. माझं माहेर सायखेड्याचं. लग्नाआधी मी द्राक्षाच्या बागेत कामाला जायचे. वेलींचा मांडव उंच माणसाच्या डोक्याला लागेल एवढाच असतो, त्यामुळे उंच बायका दिवसभर मान वाकवून काम करायच्या आणि संध्याकाळी कंबर धरून बसायच्या. मी मांडवाखालून सरळ चालायचे. बागेचा मालक म्हणायचा, "तुला देवानं मांडवाच्या मापानं काढलीय." माझ्या उंचीचा फायदा झाला असा तेवढाच काळ. पुढे लग्न होऊन एकलहऱ्याला आले. नवरा वीज केंद्रात कामाला होता, कॉलनीत क्वार्टर मिळालं होतं. तिथे माळ्यावरचा डबा काढायचा तरी दिराला हाक मारावी लागायची.

क्वार्टर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात आम्ही दोघं, सासू, शाळेत जाणारा दीर आणि हे मूल. अंथरुणं पडली की पाऊल ठेवायला जागा नसायची. आमच्याकडे म्हणतात, झोपलेल्या मुलाला ओलांडून जाऊ नये, त्याची वाढ खुंटते. चुकून ओलांडलंच तर ज्या बाजूनं गेलो त्याच बाजूला पुन्हा ओलांडून परत यायचं, म्हणजे दोष निघतो. मुलगा शाळेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा राहायला लागला तेव्हा सासूनं ते काढलं.

"तूच वलांडलं त्याला. म्या डोळ्यानं पाह्यलं. पाण्याला उठली आन् पोराला वलांडून गेली. परत उलटी आली का? नाय आली. घे आता."

मी म्हणायचे, "नळ जातो लगेच. उलटं-सुलटं करत बसले तर हंडा कोण भरील?"

"मंग राहील असाच."

"माझ्याएवढा राहिला तरी बास. मी काय उपाशी मेले का?"

सासू जाईपर्यंत हेच बोलत राहिली. मी ओलांडलं असेल. त्या खोलीत कोण कोणाला ओलांडत नव्हतं? दिराला तर रोज ओलांडायचे, आणि तो दाराच्या चौकटीला लागेल एवढा वाढला. मुलगा माझ्यासारखा झाला, विषय संपला. पण म्हातारीचं बोलणं मुलाच्या कानावर पडायचं. तो मोठा झाल्यावरसुद्धा कोणी उंचीवरून छेडलं की म्हणायचा, "काय करू, आईनं ओलांडलंय." हसून म्हणायचा. मी हसायचे नाही.

कॉलनीत बास्केटबॉलचं सिमेंटचं ग्राउंड होतं. आठवीत असताना तो तिथे जायला लागला. उंच मुलं चेंडू याच्या डोक्यावरून एकमेकांकडे टाकायची. यानं डोक्यावरचं सोडून दिलं आणि खालचं धरलं. चेंडू आपटत नेताना तो जमिनीलगत ठेवायचा, वाकल्याशिवाय कोणाचा हात पोचायचा नाही. आणि ती वाकली की हा त्यांच्या काखेखालून निघून जायचा. एकदा दळण घेऊन येताना मी थांबून बघितलं. मला बागेचा मांडव आठवला. घरी आल्यावर मी त्याला एवढंच म्हटलं, "चप्पल घालून खेळू नको, अंगठा फुटेल." त्याच्या वडिलांनी त्या दिवाळीला बूट आणले.

दोन-तीन वर्षांत कॉलनीचा संघ त्याच्यावाचून बाहेर खेळायला जाईना. मग कोणीतरी सांगितलं, मनमाडला एका खात्याच्या संघासाठी मुलं निवडणार आहेत. निवड झाली की खेळायचं आणि नोकरीही. सकाळी तो डबा घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा डबा भरलेलाच होता.

"खेळला का?" मी विचारलं.

"नाही."

"का रे?"

"आधी भिंतीला उभं करत होते. रेघ मारलेली होती. रेघेच्या खाली डोकं राहिलं की ते एका बाजूला."

"आणि खेळ कधी बघणार होते?"

"वरच्यांचा बघितला. मी बसून होतो थोडा वेळ. मग आलो."

बूट त्यानं शेजारच्या मुलाला देऊन टाकले. ग्राउंडवर त्याला बोलवायला मुलं यायची. हा घरात असून नाही म्हणून सांगायला लावायचा. महिन्याभरानं ती यायची थांबली. त्याचे वडील रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

पुढे लग्नाचं बघितलं. एके ठिकाणी मुलगी उंच निघाली. दुसरीकडे मुलीचा मामा तोंडावर म्हणाला, "जोडा दिसणार नाही." तिसऱ्या ठिकाणाहून निरोपच आला नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, इथून पुढे पोहे खायचे असतील तर घरी कर. मला लोकांकडे नेऊ नको." मी तेही सोडून दिलं.

त्यानं शाळेच्या मुलांची व्हॅन घेतली आणि आयुष्यभर तीच चालवली. सीटवर उशी ठेवून बसायचा. मुलं विचारायची, "काका, तुमचे पाय ब्रेकला पोचतात का?" तो सांगायचा, "ब्रेकला पोचतात, ॲक्सिलेटरला नाही. म्हणून तर हळू चालवतो." मुलांना त्याचा लळा होता. क्वार्टर सोडून आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांत आलो. नवरा गेला. आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता असंच चालेल आणि याच्या खांद्यावरून मी जाईन. ते सरळ झालं असतं.

त्याला ब्लडप्रेशर होतं आणि त्यानं ते अंगावर काढलं. पायाला सूज आली, मग तोंडाला. दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. मी म्हटलं, माझी घ्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं वय बघा. शिवाय तुम्हाला साखर आहे." म्हणजे तेही नाही. मग डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड सकाळी जायचं, हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास मशीनशेजारी पडून राहायचं. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. लघवी बंद झालेली असते, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं. ते किती साठलं हे बघायला मशीनवर घेण्याआधी वजन करतात. पहिल्या दिवशी काट्यावरून उतरताना तो मला म्हणाला, "पहिलीच जागा बघ, जिथे उंची विचारली नाही."

व्हॅन विकली. पाणी छोट्या पेल्यानं मोजून. मीठ कमी, केळी बंद, नारळपाणी बंद. भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं आणि मग फोडणी. मला ते रांधायला लाज वाटायची, पण तो काही न बोलता खायचा.

शेजारच्या खाटेवर एक रिटायर झालेले गुरुजी असायचे. माणूस एवढा उंच की पाय खाटेबाहेर. मुलगा म्हणायचा, "गुरुजी, गुडघ्याखालचे मला द्या. तुम्हाला खाट पुरेल, मला स्थळ येईल." गुरुजी म्हणायचे, "घेऊन जा बाबा, रात्रभर गोळे येतात त्यांच्यात. दुखतील तेवढं तुझ्याकडेच दुखू दे."

तिथेच त्यानं मोबाईलवर बुटका बघायला सुरुवात केली. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे सकाळ. आम्ही मशीनवर पोचायला आणि त्यांची मॅच सुरू व्हायला एकच गाठ पडायची. एक हात सुयांचा, दुसऱ्या हातात मोबाईल. कानातल्या वायरीचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. बोलणारे इंग्रजीत बोलायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण बुटक्याच्या हातात चेंडू आला की त्यांचा आवाज चढायचा, तेवढ्यावर माझं भागायचं.

सुरुवातीला मी मुलासाठी बघायचे. नंतर माझ्यासाठी बघायला लागले, हे खरं आहे. तो माणूस सगळ्यांच्या हाताखालून आत जायचा. समोर एखादा राक्षस हात वर करून उभा राहिला की हा चेंडू सरळ जाळीच्या कड्याकडे मारायचाच नाही. त्या हाताच्याही वर, छताकडे सोडून द्यायचा. वाटायचं, गेला वाया. मग तो वरून सावकाश यायचा आणि जाळीत पडायचा. मी विचारलं, "त्याला कसं कळतं किती वर टाकायचा?"

"आई, उंच माणसाला वाटतं, आपल्याला घाई नाही. तो उडी मारायच्या आत सोडायचा असतो."

"तुला जमायचं का?"

"जमायचं," तो म्हणाला.

लोक त्याला आपटायचे. मोठ्या माणसाचा धक्का लागला की तो घसरत लांब जायचा. उठायचा, चड्डी वर ओढायचा, पुन्हा तिथेच. रागावायचा नाही, हसायचाही नाही. मला तसली माणसं आवडतात.

दिवाळी झाल्यावर मुलगा एका सकाळी उठेना. आंघोळीचं पाणी काढलं होतं, पिशवी भरली होती. तो भिंतीकडे तोंड करून गादीवर पडलेला.

"आज नाही येत."

"का? ताप आहे का?"

"कंटाळा आला."

मी त्याच्याजवळ खाली बसले. आदल्या खेपेला मशीनवर त्याचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं होतं, पायात गोळे आले होते, ओरडला होता. आता पन्नाशीला आलेला माणूस. त्याला मी हाताला धरून उभं करणार होते का?

"नाही गेलास तर काय होईल ते ठाऊक आहे ना?"

"आहे. जाऊन तरी काय होतंय? मी काय वाढणार आहे का तिथे?"

मोबाईल उशाशी चालूच होता. आवाज बंद केलेला. बुटका चेंडू घेऊन उभा होता आणि हातानं कोणाला तरी लांब जायला सांगत होता.

मी विचारलं, "हा किती वर्षांचा असेल?"

"पस्तिशी ओलांडली. त्या खेळात म्हातारा."

"त्याला कोणी सांगत नाही का, बस आता घरी?"

"रोज सांगतात. पहिल्या दिवसापासून सांगतात."

"मग?"

"खेळतो."

मी म्हटलं, "मग आपण असं करू. हा बुटका खेळतोय तोवर तू मशीनवर जायचं. तो थांबला की तू मोकळा. मी एका शब्दानं बोलणार नाही."

तो वळला. मी चेष्टा करतेय का ते बघत राहिला. "शब्द?"

"शब्द."

तो उठला. आंघोळ करून रिक्षात बसला. त्या दिवशी आम्हाला उशीर झाला आणि तिथली सिस्टर माझ्यावरच चिडली.

मी केलेला सौदा शहाणपणाचा होता असं मी म्हणत नाही. बाजारात बैल घेताना माणूस आधी दात बघतो. मी काही न बघता केला. गुरुजींना मुलानं सांगितलं तेव्हा ते डोक्याला हात लावून म्हणाले, "मावशी, अहो काय केलंत! पोराचा जीव परक्या माणसाच्या गुडघ्याला बांधलात. या खेळात पहिला गुडघाच जातो."

आणि गुडघाच गेला. थंडी पडली तेव्हा बुटका लंगडत बाहेर आला आणि पुढच्या मॅचला साध्या कपड्यात बाकावर बसला. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, हा तर खेळत नाही."

"बसलाय ना त्यांच्यातच?"

"बसणं म्हणजे खेळणं नाही."

"त्याचा पगार चालू आहे का बंद?"

"चालू."

"मग खेळतोय. तुझे वडील पाय मोडून घरी होते तेव्हा काय कामावरून गेले होते?"

गुरुजी म्हणाले, "माझं मत मावशींच्या बाजूनं." मुलगा म्हणाला, "तुमचं मत कोणी विचारलं? तुम्ही उंच लोक." पण तो यायचा. बुटका बाकावर बसलेला बघायला यायचा. मॅचमध्ये मधेच कधीतरी तो क्षणभर दिसायचा, टाळ्या वाजवताना. तेवढ्यासाठी आम्ही पूर्ण मॅच बघायचो.

संक्रांत झाली. मी भाकरी थापत होते. मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"आई, काढला त्याला."

"कोणी?"

"संघानं. गुडघा बरा झाला आणि काढला. तरुण मुलगा घेतला."

मी भाकरी तव्यावर टाकली. तिला पाणी लावलं. तो तिथेच उभा होता. मी काही बोलले नाही. शब्द दिला होता.

दुसरा दिवस मशीनचा होता. मी पिशवी भरली नाही. त्याला उठवलं नाही. सकाळ गेली. मॅचची वेळ गेली. सिस्टरचा फोन आला, तो वाजून बंद झाला. दुपारी त्यानं थोडं जेवण घेतलं आणि गादीवर उताणा पडला, डोळ्यांवर हात ठेवून. तोंड सुजायला लागलं होतं. श्वास घेताना आवाज येत होता. मी उंबऱ्याशी बसून गहू निवडत होते. निवडलेले गहू पुन्हा निवडले. बोलायचं नाही म्हटलं की माणसाला किती बोलायचं असतं ते कळतं.

मग मी उठले. गादी भिंतीपासून कपाटापर्यंत पसरलेली. मी त्याच्या पायाकडून भिंतीच्या बाजूला गेले, कपाटाची कडी धरली आणि त्याच्या गुडघ्यांवरून एक पाय पलीकडे टाकला. माझे गुडघे वाकत नाहीत. दुसरा पाय उचलताना तोल गेला, कपाट वाजलं. त्यानं हात काढून बघितलं तर मी त्याच्या अंगावर अशी उभी, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, पातळ वर धरलेलं.

"आई, काय करतेस?"

मी बोलले नाही.

"अगं, काय करतेस?"

मी दुसरा पाय काढून घेतला आणि दाराच्या बाजूला उतरले. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हसायला लागला. छातीत पाणी भरलेल्या माणसाला हसता येत नाही, खोकला आला, तरी हसत होता.

"इतक्या वर्षांनी? आजी असती तर पेढे वाटले असते तिनं. कुठून कुठे गेलीस?"

"भिंतीकडून दाराकडे."

"आणि तेव्हा कुठून गेली होतीस?"

"मला काय ठाऊक. मी गेलेच नव्हते."

तो उठून बसला. दम लागला होता. मग म्हणाला, "आई, काढलंय त्याला. थांबलाय असं तो म्हणालेला नाही."

मी पातळ सारखं केलं.

"मनमाडला मला काढलं होतं. थांबलो मी माझा. ग्राउंड तर इथेच होतं. पोरं बोलवायला येत होती." मग म्हणाला, "पिशवी भर."

संध्याकाळच्या पाळीत त्यांनी त्याला घेतलं. सिस्टर खूप बोलली. त्याचं वजन बघून तर आणखी बोलली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, वाढ झाली माझी. आईला विचारा."

नंतर किती तरी आठवडे बुटका कुठेच नव्हता. आम्ही जात राहिलो. मुलगा मोबाईलवर रोज बातम्या उघडायचा आणि मला सांगायचा, "अजून म्हणाला नाही." मला त्या दिवसांत भीती वाटायची ती मशीनची नव्हती. तो परका माणूस कुठल्यातरी सकाळी तोंड उघडेल आणि एक वाक्य बोलेल, त्याची वाटायची. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

होळीच्या सुमारास त्याला एका सारख्या हरणाऱ्या संघानं घेतलं, थोड्या दिवसांच्या कंत्राटावर. एकलहऱ्याला कंत्राटी माणसं घ्यायचे तसंच. पहिल्या मॅचमध्ये त्याला बसवूनच ठेवला. दुसऱ्या वेळी शेवटी शेवटी उठवला. गुरुजी त्यांच्या मोबाईलवर तीच मॅच लावून पडले होते. सिस्टरही आमच्या खाटेमागे उभी राहिली, तिला आता सगळं माहीत झालं होतं. बुटका जरा जड झाला होता. पहिल्यांदा आत गेला तर त्याचा चेंडू हातातच दाबला एकानं. मुलगा म्हणाला, "गेलं." मग पुन्हा आला. समोर तोच लांब हातांचा. बुटक्यानं तो उडी मारायच्या आत सोडला, वर, पार छताकडे.

मुलगा ओरडला. दोन्ही हात वर केले, सुयांचासुद्धा. मशीन बोंबलायला लागलं, लाल दिवा लागला, सिस्टर धावली. "काका, हात! हात खाली!" गुरुजी टाळ्या वाजवत होते, एका हातानं मांडीवर. मी बघितलंच नाही चेंडू पडला का. नंतर त्यानं मला पुन्हा लावून दाखवलं. पडला होता.

पाडवा आठ-दहा दिवसांवर असताना तो गेला. मशीनवरून दुपारी घरी आलो होतो. त्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "उद्या सकाळी मॅच आहे, घरीच बघू." मी ताट घासायला घेऊन गेले. परत आले तेव्हा तो कुशीवर होता. हाक मारली, हलवलं. मग शेजाऱ्यांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं हृदय असं थांबतं, काही कळत नाही. मी विचारलं, "मशीन चुकवलं होतं म्हणून का, संक्रांतीनंतर?" ते म्हणाले, "नाही आजी, त्याचा आता काही संबंध नाही." मी मान्य केलं. ते शिकलेले आहेत.

तिरडीचे बांबू सगळ्यांना सारखेच आणतात. त्याला त्यावर ठेवलं तेव्हा पायापुढे बराच बांबू उरला. दिराचा मुलगा म्हणाला, "काकू, थोडा कापू का? बरं दिसेल." मी म्हटलं, "राहू दे. असू दे लांब."

दुसऱ्या दिवशी घरात बायका बसलेल्या असताना त्याचा मोबाईल वाजला. मॅचसाठी त्यानं गजर लावून ठेवला होता. बंद कसा करायचा ते मला येत नव्हतं. मॅच कशी लावायची ते येत होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि लावली. बायका कुजबुजल्या असतील. कुजबुजू देत. बुटका खेळत होता. फार नाही खेळला, पण खेळला. म्हणजे सौदा दोघांपैकी कोणी मोडला नव्हता. तरी मुलगा गेला होता. मला त्या माणसाचा राग आला. थोडा वेळ आला आणि गेला. तो कुठे माझ्याशी काही बोलला होता?

उन्हाळ्यात त्यांचा हंगाम संपला. मी मोबाईल चार्जिंगला लावायचं सोडलं. श्रावणात एके दिवशी माझ्या साध्या फोनवर गुरुजींचा फोन आला. मशीनवरूनच बोलत होते, मागे ती टीं-टीं ऐकू येत होती.

"मावशी, थांबला तो."

"कोण?"

"बुटका. आज सांगितलं त्यानं. म्हणाला, आता बास. शरीर ऐकत नाही."

मी पलंगावर बसले. मुलगा असता तर आज मोकळा झाला असता. मी एका शब्दानं बोलणार नाही असं कबूल केलं होतं. मग मला बसून नवं काहीतरी शोधावं लागलं असतं, दुसरा खेळ, दुसरा माणूस. शोधलं असतं मी. मला तेवढंच वाईट वाटलं, की आता ते शोधायचं काम नाही.

"मावशी, आहात ना?"

"आहे. गुरुजी, त्या खेळात अजून कोणी बुटका आहे का?"

"आहे एक नवीन पोरगा. याच्याहूनही लहान दिसतो. का हो?"

"बघता का त्याला?"

"बघतो अधूनमधून. पण मावशी, खरं सांगू का, मलाही हल्ली कंटाळा येतो. आज सकाळी सून ओरडली तेव्हा उठलो."

"नवीन म्हणालात ना? किती वर्षांचा?"

"वीस-बावीस असेल."

"मग तो खेळतोय तोवर या."

गुरुजी हसले. सिस्टरनं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी "हो, ठीक आहे" म्हणून सांगितलं. मग हळू आवाजात विचारलं, "आणि तुमचं काय, मावशी? तुम्ही कोणावर ठरवलंय?"

"मी कोणाला शब्द दिलेला नाही," मी म्हटलं. "भाजी चिरायची राहिलीय. ठेवते."